दाजींचं तख्त

आमच्या दुकानात येणारी माणसं भांडं वाजवून बघतात. दाजी बसून बघतात.

वसमतच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. सकाळची वेळ असते, आहेराची भांडी घ्यायला आलेल्या बायका समोर उभ्या असतात, आणि दाजी आत शिरतात. थप्पीतला एक मोठा डबा काढतात, फरशीवर ठेवतात, पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढतात आणि डब्यावर बसतात. डोळे मिटून डावीकडं झुकतात, उजवीकडं झुकतात, जरा हलून बघतात. मग सावकाश उठतात आणि म्हणतात, "उंची बराबर हाय, साडूबुवा. पर झाकण ढिल्लं हाय. रस्त्यात दगा देईल."

एकदा एका बाईनं तोच डबा ज्वारीच्या पिठासाठी पसंत केला होता. तिनं दाजींना विचारलं, "कशासाठी पाहिजे तुमाला?" दाजींनी सांगितलं, सविस्तर सांगितलं. बाई पीठ पोत्यातच ठेवते म्हणाली आणि निघून गेली.

दाजी म्हणजे प्रल्हादराव, माझे साडू. माझी बायको नंदा, तिची थोरली बहीण अक्का, अक्काचे हे यजमान. नंदा त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणायला लागलो आणि आता सगळा बाजार म्हणतो. जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला. निवृत्त झाल्यावर माणूस शिरड शहापूरच्या शेतात जाऊन बसेल, फार तर एखादी म्हैस घेईल, असं आम्हाला वाटलं होतं. दाजी एका बंद पडलेल्या शाळेची पिवळी बस घेऊन आले.

तिच्यातली बाकडी काढली आणि तिचं घर केलं. दोन पलंग, शेगडी, छताला पंखा, टपावर पाण्याची टाकी. पाठीमागं 'सावकाश चला, आत मुले आहेत' हे मात्र तसंच ठेवलं. मी म्हणालो, "दाजी, ते तरी पुसा." ते म्हणाले, "काहून? लोक अदबीनं मागं ऱ्हातात."

आता अशी गाडी दारात उभी राहिली की गावातली माणसं बघायला येणारच. कोणी पलंग दाबून बघायचं, कोणी पंखा लावून बघायचं. दाजी पाच मिनिटं दम धरायचे. मग म्हणायचे, "ते जाऊ द्या हो. हे बघा." आणि पलंगामागचं अरुंद दार उघडायचे. आत कपाटाएवढी जागा आणि तिच्यात लाकडी पेटीवर बसवलेलं संडासाचं भांडं. दाजी त्याला तख्त म्हणतात. "निजामाचं गेलं, आपलं हाय," असं प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

या तख्ताची करामत अशी की त्याला पाणी लागत नाही. पुढच्या बाजूला नरसाळ्यासारखी एक चाडी, तिला नळी, नळी खालच्या कॅनमध्ये. मागच्या बाजूला घट्ट झाकणाचा डबा. पातळ पुढं, घट्ट मागं. दाजी समजावून सांगतात, "हे दोघं एकाजागी आले की वास सुटतो. भाऊबंदकी हाय ती. दोघांला अलग ऱ्हाऊ द्या, मंग घर शांत."

मागच्या डब्यात प्रत्येक वेळी वरून दोन ओंजळी भुसा टाकायचा. आधी ते लाकडाचा भुसा वापरायचे. पण वसमतला हळदीला काय तोटा? हळद पॉलिश करताना जो पिवळा भुगा निघतो, त्याची पोती त्यांनी ओळखीच्या माणसाकडून आणली आणि भुशात मिसळली. मग डब्याला हळद लावणं आणि भरला की पाठवणी करणं, अशी त्यांची भाषा सुरू झाली. पाठवणी व्हायची शिरडच्या शेतात. तिथं बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब, एक खड्डा. त्यात डबा रिकामा करायचा, पाला टाकायचा, माती टाकायची आणि वर्षाहून जास्त काळ विसरून जायचं. मग ते खत आंब्याच्या बुडाला. भाजीला कधीच नाही, हा नियम. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्याकडं आंबे पाठवले. आंबे गोड होते. मी नंदाला म्हणालो, "यात दाजींचाही वाटा असेल का गं?" त्या दिवशी रस माझ्या एकट्याच्या वाट्याला आला.

रानात गाडी लावली तरी तिथं काही ओतायचं नाही, हा दाजींचा मुख्य नियम. "आपला माल आपल्या संगं." हे वाक्य ते लग्नात, दहाव्याला, पारावर, कुठंही म्हणतात. पुरुषांनीही बसायचं, हा दुसरा नियम. "उभं ऱ्हायला हे काय एसटी स्टँड हाय का?" आणि दारावर टकटक करायची नाही, लांबून विचारायचं, "तख्त खाली हाय का?"

नंदाला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची. "आपल्या घरात विषय काय चालतात बघा," असं ती म्हणायची. पण तिचा खरा राग दाजींवर नव्हता. अक्कावर होता.

या दोघी बहिणींचं माहेर गोरेगावचं, तिकडं सेनगाव तालुक्यात. भाऊ एकच, विलास. विलासच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला अक्का आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्याआधी एका बारशाला नाही, काकाच्या तेराव्याला नाही. थोरली आत्या असून नवरीला हळद लावायला नाही, हे विलासच्या मनाला फार लागलं होतं. आता धाकटीचं लग्न ठरलं. विलासनं नंदाला फोनवर सांगितलं, "अक्काला म्हनावं, न्हाई आली तर मी समजतो मला एकच बहीण."

तेवढ्यात दाजींचं आमंत्रण आलं. औंढ्याच्या पुढं धरणाचं पाणी पसरलंय, तिथं काठाला गाडी लावून दोन दिवस राहू, चौघं मिळून. नंदा एरवी हो म्हणाली नसती. पण अक्काला गाठायचं होतं. ती म्हणाली, "चला. गाडीतून पळून कुठं जाईल?"

जागा छान होती. पाणी, पलीकडं टेकड्या, काठाला बाभळी. अक्कानं पिठलं-भाकरी केली. नंदा जेवताना लग्नाचा विषय काढायची, अक्का म्हणायची, "बघू." दाजी तेवढ्यात पाण्याच्या टाकीकडं बोट दाखवून काहीतरी तिसरंच सुरू करायचे. माझं सगळं लक्ष मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडं लागलं होतं. त्या तख्तावर, पातळ भिंतीपलीकडं बायको, मेहुणी आणि साडू चहा पीत असताना, मला बसायचं होतं. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

सकाळी मी पाण्याची बाटली शर्टाखाली लपवली आणि फिरायला चाललो असं सांगून बाभळींकडं निघालो. बरीच लांब गेलो. एक बरं झुडूप बघून थांबलो, तोच मागून शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. लांबलचक. मग दाजींचा आवाज, "साडूबुवा, वापस या. ते पाणी खालची चार गावं पितात."

झुडपापलीकडं एक धनगर मेंढरं घेऊन उभा होता. तो मला दिसला नव्हता. त्याला मी दिसलो होतो. तो माझ्यासोबत गाडीपर्यंत आला, कारण काय प्रकार आहे हे त्याला बघायचं होतं. दाजींनी त्याला चहा दिला आणि तख्त दाखवलं. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "खतासाठी आमची मेंढरं वावरात बसवायला लोक घरी येऊन बोलावतात. तुमाला आजपोत्तर कोनी बोलावलं का?"

दाजींनी त्याचा कप परत भरला. अक्का पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता एकदम उठून आत गेली. मी शेवटी तख्तावर बसलो. दाजींनी बाहेर रेडिओ मोठा केला. सांगायला हरकत नाही, वास खरोखर नव्हता. हळदीचा होता.

परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. अक्कानं अजून हो म्हटलं नव्हतं आणि नंदा फुगून मागं बसली होती. वसमत रस्त्याला लागलो तर पुढं पोलिसांची नाकाबंदी. निवडणुका जवळ आल्या होत्या, गाड्या तपासत होते. दोन शिपाई आणि एक पोलीसबाई, उन्हात. जवळ झाड नाही, टपरी नाही, नुसती दोन्हीकडं कापसाची वावरं.

एक शिपाई आत चढला. पलंगाखालचा घट्ट झाकणाचा, पट्ट्यानं बांधलेला डबा त्याला दिसला.

"यात काय?"

"माल," दाजी म्हणाले.

मी डोळे मिटले. शिपायानं दुसऱ्याला हाक मारली. "कसला माल?"

"घरचाच हाय, साहेब. इकत घेतलेला न्हाई."

"कुठून आणला?"

"धरनाहून. तसं बघितलं तर वसमतहूनच न्हेला होता. पोटात."

शिपायाला हे शेवटचं ऐकू गेलं नसावं. त्यानं डबा खाली उतरवायला लावला. रस्त्याच्या कडेला तो डबा, भोवती आम्ही सगळे. दाजी म्हणाले, "साहेब, उघडू नका. तुमच्या भल्यासाठी सांगून राहिलो." याच्यावर कोणता पोलीस उघडणार नाही? पट्टा सुटला, झाकण निघालं. आत गुळगुळीत पिवळी भुकटी.

"हळद आहे," शिपाई जरा निराश होऊन म्हणाला.

"वरून हळद हाय," दाजी म्हणाले.

"आणि खाली?"

"खाली आमी हावोत."

शिपायानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. पण काठी तोवर डब्यात गेली होती, चांगली वीतभर. ती बाहेर आल्यावर कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. दुसरा शिपाई रस्त्याच्या पलीकडं जाऊन पाठ करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. दाजींनी गाडीतून पाणी आणलं, साबण आणला, काठी स्वतःच्या हातानं धुऊन दिली, आणि धुताना भाऊबंदकीचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. शिपाई म्हणाला, "काका, तुम्ही गाडी काढा."

दाजी डबा बांधत होते तेव्हा ती पोलीसबाई अक्काजवळ आली. तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला एवढंच ऐकू आलं, "सकाळपासून इथंच हाव, मावशी."

अक्कानं दाजींकडं बघितलं. दाजी लगेच गाडीच्या पुढं गेले, त्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं आणि हाक मारली, "ओ साहेब, जरा या बरं. तुमी बी या. साडूबुवा, तुमी काहून मागं थांबले? गाडी कुठं आवाज देऊन राहिली, समजत न्हाई."

गाडीला काही झालेलं नव्हतं. आम्ही चौघं पुरुष त्या इंजिनात डोकी घालून उभे राहिलो. एक शिपाई बेल्ट म्हणाला, दुसरा रेडिएटर म्हणाला. दाजी दोघांनाही व्हय म्हणत होते आणि कान मागं लावून होते. मागचं दार वाजलं, पोलीसबाई उतरून आपल्या जागी जाऊन उभी राहिली, तेव्हा दाजींनी झाकण खाली पाडलं. "सापडलं," म्हणाले. काय सापडलं ते कोणी विचारलं नाही.

गाडी निघाली. मी पुढं दाजींच्या बाजूला बसलो होतो. मागं दोघी बहिणी एका पलंगावर बसल्या होत्या आणि अक्का नंदाला काहीतरी सांगत होती, खूप वेळ. गाडीच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मी वळून बघायला लागलो तर दाजी म्हणाले, "पुढं बघा. बोलू द्या तिला."

मग रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी मला सांगितलं.

"पिशवीचं ऑपरेशन झालं तिचं, तवापासून तिला दम धरवत न्हाई. खोकला आला तरी तकलीफ, हसू आलं तरी तकलीफ. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. थोडा फरक हाय. पर बसमदी चढायचं म्हनलं की हातपाय गार पडतात."

"आम्हाला कोणी बोललं नाही," मी म्हणालो.

"तिनं शपथ घातली होती. विलासच्या थोरल्या पोरीच्या लग्नाला आमी निघालो होतो, साडूबुवा. हिंगोलीपोत्तर गेलो. तिथून सेनगावची जीप. ती भरल्याबिगर सुटत न्हाई, तुमाला ठाऊक हाय. बसून राहिलो. अन् तिथंच झालं. नवं लुगडं होतं. बदलायला जागा न्हाई. आहेराची पिशवी मांडीवर घिऊन बाकड्यावर बसली, अंधार पडंपोत्तर उठली न्हाई. मंग आमी वापस आलो. मी विलासला फोन केला, गुडघे दुखतात म्हनून."

पुढं बैलगाडी होती. दाजींनी तिला जाऊ दिलं.

"त्या दिवशी ठरवलं, हिला जिथं जायाचं तिथं दार संगं न्ह्यायचं. पर लोक विचारनारच ना, संडासाची गाडी काहून केली म्हनून. म्हनलं, विचारायच्या आदीच मी सांगतो. म्हातारा येडा झाला, म्हनू द्या. मला हसून राहिले की तिच्याकडं कोनी बघत न्हाई."

मी समोरच्या आरशात बघितलं. मागं नंदा रडत होती आणि अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. जिची तकलीफ होती तीच समजूत घालत होती.

लग्नाच्या दोन दिवस आधीच पिवळी गाडी गोरेगावात शिरली. विलास घरातून बाहेर आला. चेहरा घट्ट होता. "नवरीची आत्या आली का नुसती गाडी दाखवायला आलात?" असं दाजींना म्हणाला. अक्का पायरीवरून उतरली आणि तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, लहानपणी धरत असेल तसा. नंदानं त्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा त्यानं दाजींच्या पायाला हात लावला. दाजी म्हणाले, "अरे, ते ऱ्हाऊ दे, गाडी सावलीला कुठं लावू ते सांग."

गाडी मांडवाच्या मागं लिंबाखाली लावली. हळदीला, तेलाला, देवकार्याला, सगळीकडं अक्का होती. नवरीच्या हातावरचा मेंदीचा रंग बघून म्हणाली, "नवरा लई जीव लावनार." मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उतरलं आणि तासाभरात निम्मे पुरुष लिंबाखाली गोळा झाले. मध्ये दाजी, डब्यावर बसलेले. नवरदेवाचा एक मामा विचारत होता, "म्हंजे हे सगळं तुमी संगं घिऊन फिरता?" आणि दाजी म्हणत होते, "मंग? तुमी कोनापाशी ठिऊन जाता?" लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते.

तेवढ्यात अक्का मांडवातून उठली. बायकांच्या मागून, कनातीच्या कडेनं, गाडीच्या पलीकडच्या दाराशी गेली. एवढ्या माणसांत एकानंही मान वळवली नाही. दाजी बोलता बोलता थांबले. हात तसाच हवेत राहिला. मी त्यांच्या समोर होतो, त्यांची नजर आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडं गेली होती.

थोड्या वेळानं अक्का परतली. पदर सारखा केला, नवरीशेजारी जाऊन बसली आणि कोणीतरी पुढं केलेला सरबताचा पेला घटाघटा पिऊन तिनं दुसरा मागितला.

दाजींनी हात खाली घेतला.

"काय सांगून राहिलो होतो मी?" त्यांनी विचारलं.

"इसरले का?" मामा म्हणाला.

"इसरलो," दाजी म्हणाले, आणि त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं.